शरयूचं नाव

“बाबा, आईचं नाव देऊ का आम्ही?”

मिनूनं हे विचारलं तेव्हा मी ओट्याशी उभा राहून गोठलेल्या मटारची पिशवी कात्रीनं कापत होतो. पिशवी कापून झाली, मटार कढईत पडले, तरी मी कात्री हातात धरून तसाच उभा.

“कुठे द्यायचं?”

“टेंपलमध्ये. बाप्तिस्म्यासाठी.” हे शब्द आले की तिचा आवाज आपोआप खाली यायचा. “आमच्यात गेलेल्या माणसांसाठीही करतात. त्यांच्या नावानं दुसरं कुणीतरी पाण्यात उतरतं. पण आई आत्ताच गेलीय, म्हणून जवळच्या माणसाला विचारावं लागतं. म्हणजे तुला.”

टेबलाशी बसलेला तिचा नवरा ॲमन ताटलीतला भात काट्यानं उगाच सारखा करत होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण काय चाललंय ते कळत होतं. तो इंग्रजीत म्हणाला, “तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला, डॉक्टर खांबेटे. पुन्हा काढणार नाही.”

“बघू,” मी म्हणालो.

शरयू ऑक्टोबरात गेली होती आणि आता जानेवारी लागला होता. मधल्या काळात मी सगळ्या प्रश्नांना हेच उत्तर देत होतो. तिचे कपडे कुणाला द्यायचे? बघू. भारतात एक चक्कर मारणार का? बघू. दात काढण्याआधी दंतवैद्य सुई देतो आणि मग ओठ आपलाच आहे की दुसऱ्याचा ते कळेनासं होतं, तसं माझं सबंध अंग झालं होतं. लोकांना वाटायचं मी दुःख गिळून बसलोय. गिळायला काही असतं तर बरं झालं असतं. मी वेळेवर जेवत होतो, झोपत होतो आणि सकाळी उठून डुकरांना लस टोचत होतो.

मी जनावरांचा डॉक्टर. आयोवा राज्याच्या वायव्य कोपऱ्यात हॉलंड क्रीक नावाचं गाव आहे, तिथे माझी सगळी हयात डुकरांमागे गेली. वाईच्या खांबेट्यांचा मुलगा परदेशात जाऊन डुकरं धरतो, हे माझ्या थोरल्या भावाला, दादाला, कधी पचलं नाही. तो नातेवाइकांना ‘पशुसंशोधन’ एवढंच सांगायचा. गाव डच वंशाच्या, कडक चर्चवाल्या लोकांचं. रविवारी तिथे कुणी अंगणातलं गवतसुद्धा कापत नाही. शरयू गावच्या लायब्ररीत होती. पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे तिला ओळखत आणि थोडे टरकूनही असत. कारण पुस्तक खराब करून आणलं की ती समोरच्याचं वय, हुद्दा काही बघायची नाही.

मिनू आमची एकुलती एक. युटाला शिकायला गेली, तिथे मॉर्मन, म्हणजे येशूलाच मानणाऱ्या एका वेगळ्या पंथातली झाली आणि ॲमनशी लग्न ठरवून मोकळी झाली. लग्न त्यांच्या टेंपलमध्ये झालं. तिथे त्यांच्या पंथाबाहेरच्या माणसाला आत जाता येत नाही, मग ते मुलीचे आईबाप का असेनात. आम्ही दोघं बाहेरच्या दालनात गुबगुबीत सोफ्यावर बसलो होतो. शरयू नारायणपेठी नेसली होती, पर्समध्ये अक्षतांची डबी होती. एक गोड आजीबाई दर थोड्या वेळानं येऊन आम्हाला पाणी हवंय का विचारत होती. परत येताना शरयू गाडीत म्हणाली, “पोटच्या पोरीच्या लग्नात मी चपला सांभाळायला बसले.” त्यानंतर ती याबद्दल पुन्हा बोलली नाही. म्हणजे किती लागलं होतं ते मला कळलं.

तर आता, जिवंतपणी जिला दाराबाहेर बसवलं, तिला मेल्यावर आत बोलावत होते. मिनूला उत्तर हवं होतं. मला ते देता येत नव्हतं, कारण मला आतून काही ऐकूच येत नव्हतं.

त्या हिवाळ्यात मिनू आणि ॲमन माझ्याकडे राहायला आले होते ते राजकारणापायी. गव्हर्नर हॅलिडे नावाचे मॉर्मन गृहस्थ रिपब्लिकन पक्षातून अध्यक्षपदाच्या उमेदवारीला उभे होते आणि ॲमन त्यांच्या प्रचारात होता. आमचा जिल्हा त्यानं मागून घेतला, कारण तिथे सासरा होता, आणि सासरा एकटा होता. अध्यक्षाच्या निवडणुकीचा नारळ आयोवात फुटतो. जानेवारीतल्या एका संध्याकाळी पक्षाचे लोक गावोगावी शाळेत नाहीतर चर्चमध्ये जमतात, प्रत्येक उमेदवाराच्या वतीनं कुणीतरी बोलतं, आणि मग मत टाकतात. त्याला कॉकस म्हणतात. ॲमन बर्फातून दारोदार फिरायचा आणि संध्याकाळी लाल नाक घेऊन परत यायचा. लोक त्याला आत बोलवायचे, केक द्यायचे, आणि मॉर्मन माणसाला मत देणार नाही असं अगदी गोड आवाजात सांगायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्म आला. हर्म व्हॅन्डरवाल हा माझा शेजारी, चर्चमधला वडीलधारा आणि या गावातलं माझं पहिलं गिऱ्हाईक. मला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं त्याच आठवड्यात त्यानं मला नेऊन रिपब्लिकन करून टाकलं होतं. मी त्याबदल्यात त्याला आल्याच्या चहाचं व्यसन लावलं.

“पोरगा गुणी आहे,” तो कप पुढे करत म्हणाला. “पण डॉक, त्याचा माणूस निवडून येत नाही. इथे नाही आणि देशातही नाही.”

“का रे? तूच म्हणालास ना, त्याचं करांबद्दलचं बोलणं पटतं म्हणून?”

“पटतं ना. सगळंच पटतं. माणूस दारू पीत नाही, एकाच बायकोशी जन्मभर राहिलाय. पण त्यांचा येशू आमचा येशू नव्हे.” त्यानं फुंकर घालून घोट घेतला. “तूच सांग, मॉर्मन माणसाला ख्रिस्ती म्हणायचं का?”

ख्रिस्ती कोण आणि कोण नव्हे याचा निवाडा मागायला हर्म माझ्याकडे यायचा, म्हणजे माझ्या फ्रिजवरच्या गणपतीकडे. एरवी मी त्याची फिरकी घेतली असती. त्या दिवशी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

“शिवाय चहासुद्धा घेत नाहीत ते,” हर्म म्हणाला. “पहाटे उठून गरम पाणी पिणाऱ्याच्या हाती देश द्यायचा? आणि ते टेंपल. ज्याच्या देवळात मला पाऊल ठेवता येत नाही, त्याला मी व्हाइट हाउसमध्ये का पाठवू?”

मी त्या देवळाच्या दाराशी बसून आलो होतो. मग मी त्याला कालचं सांगून टाकलं. का सांगितलं कोण जाणे. कुणालातरी सांगितलं तर मला काही वाटेल, अशी अंधूक आशा असावी.

हर्मनं कप खाली ठेवला. “शरयूला? बुडवणार?”

“तिला नाही. तिच्या नावानं दुसऱ्या कुणाला.”

“आणि तू काय म्हणालास?”

“बघू म्हणालो.”

“बघू?” त्याचं तोंड लालबुंद झालं. “मी तुझ्या जागी असतो तर दोघांचं सामान अंगणात फेकलं असतं. ती बाई स्वतःच्या मतानं जगली डॉक, अन् आता ती बोलू शकत नाही म्हणून—” आणि त्या धिप्पाड माणसाचे डोळे भरून आले. माझे आले नाहीत. मी उठून त्याला टिश्यूचा डबा आणून दिला.

कॉकस शाळेच्या जेवणघरात होता. बाहेर अंगाचं लाकूड करणारी थंडी, आत सगळे ओळखीचे चेहरे आणि दुपारच्या तळलेल्या बटाट्याचा वास. निम्म्या लोकांच्या डुकरांना मी हात लावलेला होता. अध्यक्षस्थानी डोरीन नावाची पोस्टातली बाई होती. मतं टाकायला तिनं सिनेमातला पॉपकॉर्नचा मोठा डबा आणला होता. मिनू मागच्या रांगेत माझ्याशेजारी बसली. ती सतत डाव्या हातातल्या बांगडीशी चाळा करत होती. बांगडी शरयूची होती हे मला दिसलं, पण मी ते नुसतंच पाहिलं.

हॅलिडेंच्या वतीनं ॲमन बोलला. शेती, कर, सीमेवरचे सैनिक. चांगला बोलला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी हुर्योही केली नाही. त्या गावात पाहुण्याशी वाईट वागायची पद्धत नाही. डोरीननं कुणाला काही बोलायचंय का विचारलं, तेव्हा हर्म उठला.

“मुलगा चांगला आहे,” तो सुरुवातीलाच म्हणाला. “त्याचा गव्हर्नरही चांगला असेल. पण अध्यक्ष निवडायचा तर तो काय मानतो हे बघायला नको का? हे लोक मेलेल्या माणसांना बाप्तिस्मा देतात. कुठल्या कुठल्या परक्या लोकांना. ज्यांना नको होतं त्यांनाही.” तो थांबला. पुढचं बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं, पण गाडी उताराला लागली होती. “आपल्या शरयूचं नाव मागितलंय यांनी. लायब्ररीतल्या शरयूचं. विचारा डॉकला.”

सगळ्या खुर्च्या कुरकुरल्या. सगळं गाव मागे वळून माझ्याकडे बघू लागलं. ॲमन कानापर्यंत लाल झाला होता. मिनूनं माझ्याकडे बघितलंच नाही, ती फरशीकडे बघत होती. हर्मला ही गोष्ट मी सांगितली हे तिला त्या क्षणी कळलं.

“डॉक, तुम्ही बोललंच पाहिजे असं नाही,” डोरीन म्हणाली.

मी उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. माझा आवाज मला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येत होता.

“हर्म खरं सांगतोय. मागितलं,” मी म्हणालो. “मला देवाधर्मातलं कळत नाही. डुकरांतलं थोडं कळतं.”

दोनचार जण हसले आणि लगेच गप्प झाले.

“शरयू दवाखान्यात शेवटच्या दिवसांत शुद्धीवर नव्हती. तेव्हा हर्म, तू आणि तुमच्या चर्चची मंडळी आला होतात. तू तिच्या कपाळावर हात ठेवलास. तुझ्या देवाला सांगितलंस की हिला पदरात घे. चांगल्या मनानं सांगितलंस. मी दारातच उभा होतो. तू मला विचारलं नाहीस.”

हर्म खाली बसला.

“मग ती गेली. तिकडे भारतात माझ्या भावानं नदीवर जाऊन तिचे सगळे विधी केले. तिला ते नको होतं. तिनं तसं हजारदा बोलून दाखवलं होतं. मला फोनवर फोटो आले, तेव्हा कळलं. त्यानंही चांगल्या मनानंच केलं. त्यानंही विचारलं नाही. ती गेल्यापासून तिच्याबद्दल कुणी मला काही विचारलेलंच नाही. सगळे मला सांगतात. ती सुटली, ती सुखात आहे, ती वरून बघतेय. या दोघांनी विचारलं. आणि नाही म्हटलं तर ऐकू, असं म्हणाले. आता यावरून मत कुणाला द्यायचं ते तुम्ही बघा. मला तेवढं कळत नाही.”

मी बसलो. डोरीननं खाकरून मतांच्या चिठ्ठ्या वाटल्या आणि पॉपकॉर्नचा डबा रांगांतून फिरला. मी कुणाला मत दिलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि आता सांगून तरी काय करू.

हॅलिडे तिसरे आले. ॲमनच्या वरिष्ठांनी आमच्या गावात त्यांना शेवटचे धरले होते. त्यामुळे फोनवर पलीकडून आनंदाचा आरडाओरडा ऐकू आला. ॲमनचा चेहरा मात्र मत मिळालेल्या माणसाचा नव्हता. पुढे उन्हाळ्याच्या आधीच गव्हर्नरांनी माघार घेतली. मॉर्मन माणूस अमेरिकेचा अध्यक्ष होऊ शकतो का, यावर टीव्हीवरच्या विद्वानांनी बराच काथ्याकूट केला. आमच्या जेवणघरात काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्यातून त्यांच्या हाती काही लागलं नसतं.

कोट घालत होतो तिथे हर्म आला. टोपी हातात चुरगळत होता.

“डॉक, मी तेव्हा विचारायला हवं होतं.”

“विचारलं असतंस तर मी हो म्हणालो असतो,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. टोपी डोक्यावर घातली आणि बर्फात निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो चहाला आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी आला.

ॲमनला बाकीचे आकडे कळवायचे होते, म्हणून तो आत थांबला. मी आणि मिनू गाडीत जाऊन बसलो. तिनं इंजिन चालू केलं आणि हीटर लावला. काचेवर बर्फाचा थर होता, बाहेरचं काही दिसत नव्हतं. बराच वेळ ती हातमोज्यांवर फुंकर घालत राहिली.

“बाबा,” ती शेवटी म्हणाली, “तू आत जे बोललास... म्हणजे तुझं हो आहे?”

“नाही.”

तिनं माझ्याकडे वळून बघितलं.

“तू म्हणालीस ना, नाही म्हटलं तर ऐकशील म्हणून? मग ऐक. नाही.”

“ऐकलं,” ती म्हणाली. तिनं वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, “का, ते विचारू?”

“तुझ्या लग्नात तिला बाहेर बसवलंत. ती चालत, बोलत होती तेव्हा तिला आत जागा नव्हती. आता ती नाही, तर तिचं नाव घेऊन कुणीतरी अनोळखी बाई पाण्यात उतरणार. तुम्हाला ती नको होती मिनू, तुम्हाला तिचं नाव हवंय.” हे मी अगदी सपाट आवाजात बोललो. रागानं बोललो असतो तर तिला कमी लागलं असतं.

“अनोळखी?” मिनू म्हणाली. “कोण अनोळखी?”

“जी कोण उतरेल ती.”

“बाबा, मी उतरणार आहे.”

तिचं नीट ऐकू यावं म्हणून मी हीटर बारीक केला.

“पुरुषासाठी पुरुष लागतो, बाईसाठी बाई. आईसाठी मी माझं नाव सांगितलंय. दुसऱ्या कुणाला मी आईच्या नावानं उतरू देईन?” आता ती रडत होती आणि रडताना लहानपणी बोलायची तशी भराभरा बोलत होती. “त्या दिवशी दहनाच्या तिथे मी पुढे झाले होते. बटण दाबायला. काकांनी फोनच्या पडद्यावरून सांगितलं, मुलीनं नको, नवऱ्यानं दाबायचं. मी मागे झाले. नदीवर तिकडे काकांनी केलं. मी तिची मुलगी आहे बाबा, आणि मला कुणी तिच्यासाठी काहीच करू दिलं नाही. इथे उलट आहे. इथे बाईच लागते. आणि त्या लग्नाचं म्हणशील तर मला माहीत आहे ती बाहेर काय घेऊन बसली होती. मी बाहेर आले तेव्हा ती हसली, पण मला माहीत होतं. मी तिला सॉरी म्हणणार होते. उन्हाळ्यात आले की म्हणीन, असं ठरवलं होतं.”

मी समोरच्या काचेकडे बघत होतो. खालच्या बाजूनं बर्फ वितळायला लागला होता आणि त्या फटीतून शाळेच्या दिव्याचा पिवळा उजेड आत येत होता.

“आणि तिला ते नको असेल तर?” मी विचारलं. “तुझ्या आईला. तू उतरलीस, सगळं केलंस, आणि तिला पटलंच नाही तर?”

“तर ती नाही म्हणेल.”

“म्हणजे?”

“आमच्यात तसंच मानतात. आपण नुसतं विचारायचं असतं. घ्यायचं की नाही ते तिच्यावर. जबरदस्ती नाही करता येत.” तिनं नाक पुसलं. “ती सरळ नाही म्हणू शकते.”

“तिथे तिला नाही म्हणता येतं?”

“येतं ना.”

शरयू नाही म्हणायची तेव्हा भुवया उडवायची. चष्मा नाकावर खाली घ्यायची, वरून बघायची आणि ‘छे’ म्हणायची. चर्चच्या बायकांना, दादाला, मला, सगळ्यांना. ते ‘छे’ मला त्या गाडीत इतकं लख्ख ऐकू आलं की मी दचकलो. मला हसू फुटलं. ते हसू आहे असं मला थोडा वेळ वाटत राहिलं. मग मिनूनं माझा हात धरला, घट्ट धरला, आणि मला कळलं की मी रडतोय, ऑक्टोबरपासून पहिल्यांदा, तोंड उघडं टाकून, शेंबूड गळेपर्यंत.

तिनं हात सोडला नाही. मला रडू दिलं.

“मग माझी परवानगी कसली मागतेस?” आवाज फुटायला लागल्यावर मी म्हणालो. “तिलाच विचार.”

“विचारू?”

“विचार. आणि ती काय म्हणाली, ते मला येऊन सांग.”